कमरेच्या कडेतील ठेव

आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या कागदावर डॉक्टरांनी ‘बोन मॅरो तपासणी’ किंवा ‘बोन ग्राफ्ट’ असे लिहिले, की घरात काळजी आधी शिरते आणि त्या शब्दांचा अर्थ मागाहून कळतो. हाडात सुई घालणार किंवा चांगल्या हाडाचा तुकडा काढून घेणार, एवढेच काय ते ऐकू येते. कोलशेत परिसरात व्यवसाय करताना माझ्या ध्यानात आले आहे, की गावठाणातील जुन्या घरातून येणारे आजोबा असोत वा नव्या उंच इमारतीत मुलाकडे राहायला आलेल्या निवृत्त शिक्षिका असोत, या दोन शब्दांविषयीची धास्ती सारखीच असते. ही कामे मी स्वतः करीत नाही. हाड काढतात ते अस्थिशल्यचिकित्सक आणि मज्जा काढतात ते रक्तविकारतज्ज्ञ वा विकृतिशास्त्रज्ञ. परंतु ‘डॉक्टर, हो म्हणू का?’ हा प्रश्न घेऊन आपण बहुधा आधी आमच्याकडेच येता. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर पाच मिनिटांच्या भेटीत देता येत नाही, म्हणून हा लेख.

आपण मूल ‘कडेवर’ घेतो. ते मूल ज्या हाडाच्या काठावर टेकते, परकराची नाडी वा पट्टा ज्याच्या आधाराने राहतो, तो कटीच्या हाडाचा वरचा काठ. मज्जा काढायची असो वा हाड, वैद्यकाचा हात बहुतेक वेळा याच काठाकडे वळतो. हे हाड त्वचेच्या अगदी जवळ असते, रुंद असते आणि त्याच्या आत अनारशासारखी जाळी असलेले मऊसर हाड भरपूर असते. लहानपणी सर्वच हाडांत रक्त तयार करणारी लाल मज्जा असते. वय वाढेल तशी हातापायांच्या लांब हाडांतील मज्जा पिवळी, चरबीयुक्त होत जाते. कटीचे हाड, मणके, बरगड्या आणि उरोस्थी येथे मात्र ती उतारवयातही काम करीत राहते.

सुई कण्यात जात नाही

प्रथम मज्जेच्या तपासणीविषयी बोलू, कारण ज्येष्ठांच्या बाबतीत नकाराची किंमत येथे सर्वांत अधिक मोजावी लागते.

चित्र नेहमीचे असते. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ, दम लागतो, थकवा येतो, पाठ दुखते. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन कमी. लोहाच्या गोळ्या होतात, टॉनिकच्या बाटल्या होतात, पाठीला तेल चोळून होते. तीन-चार महिने जातात, हिमोग्लोबिन हलत नाही. रक्तविकारतज्ज्ञ मज्जेची तपासणी सुचवितात आणि तेथे घोडे अडते. ‘पाठीत सुई घातली की माणूस लुळा पडतो’ असे कोणी तरी शेजारी सांगून जातो, आणि मुले म्हणतात, या वयात त्यांना त्रास कशाला?

वाचकहो, येथे दोन निराळ्या तपासण्यांची गल्लत होते. ‘पाठीचे पाणी काढणे’ ही कण्याच्या मध्यरेषेतून होणारी वेगळी तपासणी आहे. तीही सहसा कोणाला लुळे करीत नाही, पण तो वेगळा विषय. मज्जेची सुई कण्यात जातच नाही. कमरेच्या खाली, दोन्ही बाजूंस ज्या खळ्या दिसतात, त्यांच्यापाशी कटीच्या हाडाचा मागचा उंचवटा बोटाला लागतो. सुई त्या हाडात जाते. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवरच संपलेला असतो, म्हणजे या जागेच्या बराच वर. मराठीत ‘मज्जारज्जू’ आणि ‘अस्थिमज्जा’ या दोन शब्दांत मज्जा सामायिक आहे, हेही या गोंधळाचे एक कारण असावे. हे दोन अवयव मात्र सर्वस्वी भिन्न आहेत.

तपासणीच्या वेळी रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवितात. त्वचा बधिर करतात, मग हाडावरील पातळ आवरण बधिर करतात. खरी वेदना त्या आवरणालाच असते, म्हणून तेथे औषध टाकून दोन-चार मिनिटे थांबणारा डॉक्टर चांगला समजावा. नंतर सुई दाब देत आणि फिरवीत हाडात सरकवितात. तेव्हा दुखत नाही, जोर जाणवतो. मज्जा सिरिंजमध्ये ओढली जाते, तेव्हा मात्र काही सेकंद आतून खेचल्यासारखी तीव्र कळ येते, कारण हाडाचा गाभा बधिर करण्याचा उपाय नाही. ही कळ येणार आहे असे आधी सांगितलेले ज्येष्ठ ती सहज सोसतात. न सांगितलेले घाबरतात. त्यानंतर दुसऱ्या, जाड सुईने दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा, उदबत्तीच्या काडीएवढा हाडाचा तुकडा काढतात. या कामासाठी जी सुई आज जगभर वापरली जाते ती डॉ. खोसरो जमशिदी यांच्या नावाने ओळखली जाते. सारे काम साधारण अर्ध्या तासात आटोपते. पंधरा-वीस मिनिटे त्या जागेवर भार देऊन उताणे निजावयाचे, दुसऱ्या दिवसापर्यंत पट्टी भिजू द्यावयाची नाही, आणि घरी जावयाचे.

पूर्वी ही सुई छातीच्या मधल्या हाडात, उरोस्थीत घालीत. ते हाड पातळ आणि त्याच्या मागे हृदय व महाधमनी. आता ती जागा अपवादानेच निवडतात आणि तेथून तुकडा कधीच काढीत नाहीत. आपल्या वडिलांच्या काळात कोणाला ‘छातीतून सुई’ झाल्याची आठवण घरात असेल, तर ती आजच्या तपासणीला लावू नये.

या तपासणीतून काय कळते? मज्जा रक्तपेशी नीट तयार करीत नसेल तर ते कळते. आणि ‘मल्टिपल मायलोमा’ हा मज्जेतील विशिष्ट पेशींचा कर्करोग कळतो. उतारवयातील पंडुरोग, पाठदुखी आणि रक्तातील क्रिएटिनिन वाढणे या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, की या आजाराची शंका घ्यावी लागते. रक्तातील प्रथिनांच्या साध्या तपासणीपासून सुरुवात करता येते, पण निदान पक्के होते ते मज्जेवरूनच. मायलोमा समूळ जात नसला तरी आजच्या गोळ्या आणि इंजेक्शने यांमुळे अनेक ज्येष्ठ वर्षानुवर्षे बऱ्या स्थितीत राहतात. सहा महिने तपासणी टाळली, तर तेवढ्यात मूत्रपिंड कायमचे बिघडू शकते किंवा मणका खचू शकतो. ‘या वयात त्रास कशाला’ हा विचार मायेपोटी येतो हे मला ठाऊक आहे. पण अर्ध्या तासाची कळ आणि डायलिसिसच्या फेऱ्या यांची तुलना करूनच नकार द्यावा.

एक सूचना येथेच देतो. रक्त पातळ करणारी औषधे, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन आणि त्यांची नवी भावंडे, चालू असतील तर ती डॉक्टरांना अवश्य सांगा. परंतु स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने परस्पर गोळी थांबविणे हे सुईपेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे आहे. प्लेटलेट कमी आहेत म्हणून तपासणी होणारच नाही असेही नाही; नंतर अधिक वेळ दाब द्यावा लागतो, इतकेच.

परांची, मुकादम आणि गवंडी

आता हाडाकडे. अस्थिरोपणाला आपल्याकडे ‘हाडाचे कलम’ असेही म्हणतात, पण हा शब्द थोडी दिशाभूल करतो. आंब्याचे कलम जगते आणि स्वतः वाढते. रोपलेले हाड बहुतांशी तसे जगत नाही. कोलशेत रस्त्यावर इमारती उभ्या राहताना आपण पाहता: आधी परांची बांधतात, तिच्या आधाराने बांधकाम चढते आणि मग परांची उतरवितात. रोपलेल्या हाडाची जाळी ही परांची आहे. शरीर तिच्या आधाराने नवे हाड रचते आणि जुने हळूहळू खाऊन टाकते. परंतु नुसत्या परांचीने इमारत होत नाही. गवंडी हवेत आणि त्यांना कामाला लावणारा मुकादमही हवा. ताज्या हाडातील जिवंत पेशी हे गवंडी. हाडातच दडलेली काही प्रथिने हा मुकादम; त्यांच्या कार्याचा पुरावा अमेरिकेतील डॉ. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. स्वतःच्या शरीरातून काढलेल्या ताज्या हाडात हे तिन्ही एकत्र मिळतात आणि शरीर ते परके म्हणून नाकारीत नाही. म्हणून इतके कृत्रिम पर्याय आले तरी शल्यचिकित्सक अजून कमरेच्या कडेकडे वळतात.

सर्वच अस्थिभंगांना याची गरज पडते असे मात्र नाही. ज्येष्ठांमध्ये नेहमी आढळणाऱ्या खुब्याच्या अस्थिभंगात बहुधा हाड रोपावे लागत नाही. महिने उलटूनही न जुळलेले हाड, गुडघ्याशी खचलेला नडगीचा माथा, मणके एकमेकांस जोडण्याची शस्त्रक्रिया, सैल झालेला कृत्रिम सांधा पुन्हा बसविणे, आणि आपल्याकडे अजूनही वारंवार दिसणारा मणक्याचा क्षयरोग, ही त्याची प्रमुख कारणे. दातांच्या इम्प्लांटपूर्वीही जबड्यात थोडे हाड भरावे लागते. ते हनुवटीतून वा जबड्याच्या मागील भागातून घेता येते.

कमरेचे हाड पुढून काढतात किंवा मागून. पुढून काढताना रुग्ण उताणा असतो. कडेचे पुढचे टोक आपण खिशात हात घालताना बोटाला लागते. त्या टोकापासून निदान ३ सेंटिमीटर मागे राहून काम सुरू करतात. याची कारणे दोन. मांडीच्या बाहेरील बाजूची संवेदना नेणारी नस या टोकाजवळून उतरते. आणि टोकाच्या अगदी जवळून हाड काढले तर तेथे जोडलेल्या स्नायूंच्या ओढीने उरलेले टोकच तुटू शकते. त्वचेवरील छेदही नेमका काठावर न घेता थोडा बाजूला घेतात, नाहीतर पुढे पट्टा व नाडी त्या व्रणावर घासत राहतात.

किती आणि कसले हाड हवे, त्यावर पुढची रीत ठरते. केवळ जाळीदार हाड हवे असेल तर कडेचा वरचा पातळ थर पेटीच्या झाकणासारखा उघडतात, आतील हाड लहान पळीसारख्या अवजाराने खरवडून घेतात आणि झाकण पुन्हा बसवितात. कमरेचा आकार त्यामुळे बदलत नाही. थोडेच हाड पुरणार असेल तर पोकळ नळीसारखे अवजार लहानशा छेदातून फिरवून काढ्या काढता येतात. उलट, मणक्यांच्या मधली पोकळी भरून भारही पेलावयाचा असेल, तर तीन बाजूंनी टणक कवच असलेला ठोकळाच कापून घ्यावा लागतो. दुखणे आणि गुंतागुंत यांचा संभव त्यातच अधिक. शक्य असेल तेव्हा बाहेरील पृष्ठभागावरचे स्नायू कमीत कमी सोडवावेत, कारण चालताना तोल सांभाळणारे स्नायू तेथेच चिकटलेले असतात. काढलेले हाड कोरडे पडू देत नाहीत. ओलसर गॉजमध्ये ठेवून लवकरात लवकर रोपतात.

मागून हाड अधिक मिळते आणि तक्रारीही सामान्यतः कमी राहतात. मात्र त्यासाठी पालथे निजवावे लागते. पाठीच्या शस्त्रक्रियेत रुग्ण पालथाच असल्याने तेथे हे सोयीचे; हृदय वा फुप्फुस कमजोर असलेल्या वृद्धाला केवळ हाडासाठी पालथे करणे विचारपूर्वकच ठरवावे लागते. मांडीच्या हाडाच्या पोकळीतून धुवून-शोषून हाडाचा चुरा गोळा करणारे एक उपकरणही आता मोठ्या रुग्णालयांत असते. त्यातून ४० घनसेंटिमीटर वा त्याहून अधिक हाड मिळते आणि कमरेला हात लावावा लागत नाही. पण अस्थी ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांत मांडीचेच हाड मोडण्याची व रक्तस्रावाची भीती असते, म्हणून माझ्या मते या वयात ‘नवे तंत्र’ एवढ्यावर भुलू नये.

एका वेगळ्या प्रकाराचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. तंबाखू, मिश्री, गुटखा यांच्या कृपेने आपल्याकडे तोंडाचा कर्करोग उदंड आहे. जबडा काढावा लागला तर पोटरीतील बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून, जबड्याच्या आकारात वळवून, मानेतील रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. हे हाड मात्र आंब्याच्या कलमासारखे खरोखरच जिवंत राहते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया नेहमी होतात. गुडघा आणि घोटा यांच्याजवळचे काही सेंटिमीटर हाड जागीच ठेवल्यामुळे पायाचा आधार टिकतो; बहुतेक रुग्ण पुढे नीट चालतात.

घरी आल्यावर

हाड काढलेली जागा ही दुसरी जखम आहे, हे शुश्रूषा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. अनेक रुग्ण मला सांगतात, की ज्या पायासाठी शस्त्रक्रिया झाली तो बरा वाटतो, पण कंबरच अधिक दुखते. हे खोटे वा लाडाचे दुखणे नव्हे. बहुतेकांचे ते काही आठवड्यांत उतरते. थोड्यांचे महिनोन्‌महिने रेंगाळते. शस्त्रक्रियेपूर्वी ‘हाड कोठून घेणार, पुढून की मागून, आणि कोणत्या बाजूचे?’ असे आपण सरळ विचारावे. संमतीपत्रात त्याचा उल्लेख असावा.

मांडीच्या बाहेरील बाजूस मुंग्या वा बधिरपणा आला तर नस ताणली गेली आहे असे समजावे; तो बहुधा कमी होत जातो. जखमेखाली वाढती, ताणलेली सूज, सोबत घाम आणि चेहरा पांढरा पडणे हे आत रक्त साचल्याचे लक्षण असू शकते, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू झाल्यावर. तेव्हा सकाळची वाट पाहू नये. खुर्चीतून उठताना कमरेच्या पुढच्या टोकाशी एकाएकी ‘कट्’ झाल्यासारखी कळ येऊन पाय उचलेनासा झाला, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. काही आठवडे खाली बसण्याचा संडास टाळावा, कमोडची उंची वाढविणारी बैठक मिळते. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरावी. घरोघरी ती नेमकी उलट धरलेली मी पाहतो.

आणि मिश्री. आजी धूम्रपान करीत नाहीत, असे घरचे लोक प्रामाणिकपणे सांगतात, कारण मिश्री कोणी व्यसनात मोजतच नाही. त्यातील निकोटिन हाडाला रक्त पोहोचविणाऱ्या बारीक वाहिन्या आकुंचित करते आणि रोपलेले हाड जुळण्यास उशीर लावते. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून ती बंद असावी. आहारात डाळी, नाचणी, दूध, अंडे, आणि आमच्या खाडीकाठच्या घरांत सुकट असतेच, ती चालते. रक्तदाब असेल तर तिच्यातील मिठाचे भान ठेवून.

दुसऱ्याचे हाड

वृद्ध माणसाचे स्वतःचे हाड अनेकदा पुरेसे नसते किंवा ठिसूळ असते. तेव्हा अस्थिपेढीतील हाड उपयोगी पडते. टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ मध्ये सुरू झाली. दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब व क आणि उपदंश यांसाठी तपासणी करून, हाड स्वच्छ धुवून, गोठवून, निर्जल करून शेवटी गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते. किरणोत्साराचा असा वापर करणारी ही भारतातील पहिली ऊतिपेढी. टाटा रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत असल्याने हे सहज जुळून आले असावे. ‘किरण दिलेले हाड अंगात किरण सोडील का?’ असे एका आजींनी विचारले होते. नाही, एक्स-रे काढल्यावर आपण जसे किरणोत्सारी होत नाही, तसेच ते. अशा हाडात जिवंत पेशी उरत नाहीत. म्हणजे परांची मिळते, गवंडी नाहीत; म्हणून त्यात रुग्णाच्या कमरेतून सुईने काढलेली मज्जा मिसळण्याची रीत आहे. ती एका जागेतून एकदम भरपूर न ओढता, सुई थोडी थोडी सरकवीत दर वेळी दोन-चार मिलिलिटरच ओढावी लागते. अधिक ओढले की मज्जेऐवजी नुसते रक्तच येते.

हीच मज्जा गुडघ्यात टोचून झीज भरून काढण्याच्या जाहिराती ज्येष्ठांना हल्ली फार दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसाठीचे मज्जारोपण वगळता मूलपेशींचा उपचार हा मान्य नित्योपचार नव्हे; तो संमत संशोधनातच व्हावा. संशोधनात सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचे गोल डोके काढलेच जाते. एरवी ते जैववैद्यकीय कचऱ्यात जाते. अस्थिपेढीशी संलग्न रुग्णालयात ते दान करता येते. त्यासाठी वेगळा छेद नाही, वेगळे दुखणे नाही, केवळ रक्ततपासण्या आणि एक सही. सत्तरीतल्या माणसाला जिवंतपणी करता येण्याजोगे हे दान आहे, हे फारच थोड्या घरांना ठाऊक असते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला आहे.

मज्जेच्या दानाची गोष्ट वेगळी. भारतातील पहिले मज्जारोपण १९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्येच डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारांत एक असते, म्हणून साठी ओलांडलेल्या रुग्णासाठी बोलावणे येते ते अनेकदा साठीच्याच भावाला वा बहिणीला. ‘हाडातली ताकद जाईल’ अशी भीती तेव्हा घरात बोलली जाते. पूर्ण भूल देऊन, पालथे निजवून, दोन्ही बाजूंच्या कडेतून मज्जा ओढतात. दात्याच्या वजनाच्या दर किलोस २० मिलिलिटरहून अधिक घेत नाहीत. शरीर ती चार-सहा आठवड्यांत भरून काढते. हाड जागच्या जागी, तसेच मजबूत राहते. आता तर बहुतेक प्रौढ दात्यांना चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन, रक्तदानासारख्या यंत्रातून हातातील शिरेवाटेच मूलपेशी घेतात. त्या दिवसांत अंग व कंबर फ्लू झाल्यासारखी दुखते. दाता म्हणून बोलावणे आलेल्या ज्येष्ठाने रक्तदाब, मधुमेह आणि हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी, आणि दात्याची तपासणी करणारा डॉक्टर रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांहून वेगळा असावा असा आग्रह धरावा. परक्यांसाठीच्या नोंदणीत साधारण १८ ते ५० वर्षांच्या लोकांनाच घेतात. तेथे आजोबांचे नाव चालत नाही, नातवंडांचे चालते. नोंदणीसाठी गालाच्या आतील बाजूवरून कापसाचा बोळा फिरवावा लागतो, सुईसुद्धा नाही.